क्षयाचा तोतया

आमच्या लहानपणी घरातील वडील माणसे काही रोगांची नावे मोठ्याने उच्चारीत नसत. रात्रीच्या वेळी सापाला जसे 'जनावर' म्हणावयाचे, तसे क्षयाला 'छातीचे दुखणे' म्हणावयाचे, असा शिरस्ता होता. सोयरिकीची बोलणी चालू असता 'त्या घरात छातीचे आहे हो' एवढे एक वाक्य कोणी कुजबुजले की पत्रिका मुकाट्याने परत येई. मिरज, पाचगणी ही गावे पुष्कळांना थंड हवेपेक्षा तेथील आरोग्यधामांमुळेच अधिक ठाऊक होती. आमच्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टरीची पदवी घेऊन १८८६ साली परतल्या आणि पुढल्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, याच दुखण्याने गेल्या. कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू हुडकून काढला त्यास तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. सांगावयाचे इतकेच की, क्षय हा आमच्या घराण्यांचा जुना व ओळखीचा वैरी आहे. ओळखीच्या वैऱ्यापासून होणारा एक तोटा असा की, अंधारात कोणीही अंगावर धावून आले तरी तोच आला असे वाटते.

आमच्या थोरल्या काकांच्या, म्हणजे अण्णांच्या, दुखण्यात नेमके हेच घडले.

आमचे बिऱ्हाड हल्ली बाळकुमास आहे. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणारा जुना रस्ता काशेळीच्या पुलावर चढण्याआधी ज्या नाक्यावरून जातो, ते हे गाव. आगरी-कोळ्यांची मूळ वस्ती, तिचे पाडे व खाडीकाठची तिवरे एका बाजूस, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठलेले उंच मनोरे दुसऱ्या बाजूस, अशी त्याची सध्याची मांडणी आहे. ठाण्यातील जुने घर पाडले गेले तेव्हा एकाच मजल्यावर समोरासमोर दोन जागा घेऊन आम्ही सारे येथे आलो. दारे दोन असली तरी चूल एक आहे. अण्णा घरातील सर्वांत वडील. रेल्वेच्या नोकरीत त्यांचा बराच काळ बाहेर गेला. त्यांतील नऊ वर्षे आसनसोल व हावडा या बाजूस गेली. त्या वर्षांची शिल्लक म्हणून त्यांच्या बोलण्यात काही बंगाली शब्द व जेवणात मोहरीच्या तेलाचा हट्ट एवढेच उरले आहे, अशी आमची समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि अण्णांचे जेवण कमी होऊ लागले. संध्याकाळी अंग किंचित कढत लागे. माघापर्यंत त्यांचे वजन अकरा किलो उतरले. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई, म्हणून ते भिंतीला हात लावून चालू लागले. काकूंना आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, अण्णांच्या तळहातांच्या रेषा व हिरड्या काळवंडत चालल्या होत्या. आणि दुसरी, जन्मभर अळणी जेवणारा हा माणूस ताकात मूठभर मीठ घालून ते मिटक्या मारीत पिऊ लागला होता. पहिल्या गोष्टीचे खापर सर्वांनी उन्हावर फोडले. दुसरीची तर कोणी गोष्ट म्हणूनही नोंद घेतली नाही. बायकांनी स्वयंपाकघरातून पाहिलेली लक्षणे डॉक्टरांच्या खोलीपर्यंत क्वचितच पोचतात, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे.

छातीचे चित्र काढले, त्यात जुने भरून आलेले दोन ठिपके निघाले. पोटाच्या तपासणीत दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी सुजल्याचे आढळले. थुंकीत जंतू सापडले नाहीत. तरीही वय, ताप, उतरलेले वजन आणि ग्रंथी यांचा मेळ घालून क्षय ठरला व औषधे सुरू झाली. ज्यांनी तो निर्णय दिला त्यांस आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या हिंदुस्थानात आहे. येथल्या डॉक्टराने ताप व खंगणे पाहून प्रथम क्षय मनात आणावा हे न्याय्यच आहे. आमची तक्रार आहे ती पुढील पायरीविषयी. क्षय मनात आणणे निराळे आणि तुकडा काढून न पाहता तो मनात कायम करणे निराळे. 'औषध देऊन पाहू, गुण आला तर क्षय' हे सूत्र आमच्याकडे इतके रुळले आहे की, औषधाने अपायही होऊ शकतो हा विचार त्यात बसत नाही.

सहाव्या आठवड्यात पहाटे तीन वाजता अण्णा न्हाणीघराच्या दारात कोसळले. नाडी हाताला लागेना. रक्तदाब मोजणाऱ्याने दोनदा यंत्र तपासले. मुंबईच्या ज्या मोठ्या रुग्णालयात त्यांना हलविले तेथे रक्तातील क्षार तपासताच सोडियम फारच खाली गेलेले निघाले, आणि काकूंच्या ताकाचा उलगडा झाला.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन अधिवृक्क ग्रंथी आकाराने लहान, परंतु अधिकाराने फार मोठ्या. त्यांतून पाझरणाऱ्या कॉर्टिसोल व तत्सम द्रव्यांवाचून शरीराला ताप, उपवास, भीती, जखम यांपैकी काहीच सोसवत नाही व मीठ अंगात टिकत नाही. त्या निकामी झाल्या की माणूस खंगतो, काळवंडतो आणि मिठासाठी आसुसतो. हे चित्र लंडनच्या थॉमस ॲडिसन या वैद्याने १८५५ साली रेखाटले. त्या काळी या ग्रंथी नासण्याचे मुख्य कारण क्षय हेच होते. तेव्हा येथेही त्या जुन्या वैऱ्याचेच नाव पुढे यावे हे ओघानेच आले. मात्र क्षयावरील रिफॅम्पिसिन हे जे प्रमुख औषध, ते यकृताला अशी काही चलाखी शिकविते की, शरीरातील कॉर्टिसोल नेहमीपेक्षा लवकर संपून जाते. ज्याच्या ग्रंथी धडधाकट आहेत तो अधिक निर्माण करून भरपाई करतो. अण्णांच्या तिजोरीत मुळातच खडखडाट होता. औषधाने उरलासुरला पैही खर्चून टाकला. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन जाताच चार तासांत ते उशीला टेकून बसले व त्यांनी चहा मागितला.

प्राण वाचला, पण ग्रंथी कशाने नासल्या हा प्रश्न होता तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तेथील सूक्ष्मजंतुशास्त्र विभागाच्या एक तरुण डॉक्टर खाटेपाशी आल्या. वयाने आमच्या धाकट्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी कागदपत्रे पाहिली, हिरड्या पाहिल्या, जिभेच्या कडेवरचा एक बारीकसा व्रण टॉर्च लावून पाहिला आणि विचारले, "काका, तुम्ही कधी बंगालात किंवा बिहारात राहिला होता का?"

अण्णांनी नऊ वर्षांचा हिशेब सांगितला. "आणि जुन्या पडक्या इमारती, गुदामे, वटवाघळांची जागा, असे काही?" रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यांची तपासणी हे अण्णांचे कामच होते. बाईंनी मान हलवली व "काका, आणखी एक रक्ततपासणी करावी लागेल," असे म्हणून एच.आय.व्ही.चे नाव घेतले. खोलीत क्षणभर शांतता पसरली. आमच्या एका चुलतभावाने "पण डॉक्टर, आमच्या घरात…" असे काहीतरी सुरू केले. अण्णांनी त्याला मध्येच थांबवले. "घर कुठलेही असो, रक्त रक्तच आहे. घ्या हो तुम्ही." ती तपासणी निर्दोष आली, परंतु ती करणे अवश्य होते. हा रोग प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना अधिक झपाट्याने गाठतो. हिंदुस्थानात मात्र ज्यांची शक्ती वरकरणी शाबूत आहे अशा वयस्कांतही, विशेषतः या ग्रंथींच्या रूपाने, तो वारंवार आढळला आहे.

रोगाचे नाव हिस्टोप्लाज्मोसिस. नाव उच्चारायला कठीण आहे खरे. पण ते एकदा तरी कानावरून गेलेले असावे, म्हणूनच हा लेखनप्रपंच. याचे कारण एक बुरशी आहे. पक्ष्यांच्या अथवा वटवाघळांच्या विष्ठेने पोसलेल्या ओलसर मातीत ती तंतूंच्या रूपाने वाढते व तिचे कण हवेत उडतात. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाने दोन ते पाच भरतात. म्हणजे आपल्या रक्तातील तांबड्या पेशीहूनही लहान. श्वासाबरोबर ते फुप्फुसात गेले की तेथील उबेत तंतूंचा वेष टाकून ती बुरशी किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, बारीक गोळ्यांचे रूप घेते. आणि जंतू गिळून टाकणे हे ज्या पेशींचे काम, त्यांच्याच पोटात बिऱ्हाड करते. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. चार दिवस खोकला येऊन प्रकरण मिटते व फुप्फुसावर एखादा ठिपका राहतो. थोड्यांत ती अंगात दडून राहते आणि पुढे कधी, वय झाल्यावर अगर शक्ती खालावल्यावर, सर्वांगात पसरते. आसनसोल सोडून अण्णांना तीस वर्षे झाली होती.

या रोगाचा इतिहास आम्ही त्यानंतरच्या दिवसांत रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून वाचला, आणि तो वाचताना वारंवार वाटले की, आमच्याच घरची हकीकत कोणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. १९०५ च्या डिसेंबरात पनामाचा कालवा खणला जात असता तेथील अँकॉन रुग्णालयात सॅम्युएल डार्लिंग हा अमेरिकन डॉक्टर मृत मजुरांची शवचिकित्सा करीत असे. मार्टिनिक बेटावरून आलेल्या एका सुताराच्या फुप्फुसात त्याला क्षयाच्या गाठींसारख्या असंख्य गाठी दिसल्या. त्या क्षयाच्या नव्हत्या. दोनच वर्षांपूर्वी, १९०३ साली, लीशमन व मद्रासचे डोनोव्हन यांनी काळआजाराचा जंतू जगापुढे ठेवला होता. लीशमनला तो कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीतून ताप घेऊन गेलेल्या शिपायाच्या शरीरात मिळाला होता. डार्लिंगच्या डोक्यात तोच घोळत होता. पेशींच्या पोटात बारीक गोळे पाहून त्याला हा काळआजाराचाच कोणी भाऊबंद वाटला, आणि १९०६ साली त्याने त्याचे बारसे केले, 'हिस्टोप्लाज्मा कॅप्सुलेटम'. पेशीत राहणारा, हिवतापाच्या जंतूसारखा, कवच असलेला, असा या नावाचा अर्थ. त्यांतील पेशीत राहणारा एवढे खरे. तो हिवतापाच्या जातीचा प्राणिजंतू नाही. आणि कवच म्हणून जे दिसले ते रंग देताना पेशी आकसल्यामुळे उरलेली मोकळी जागा होती. पुढे काढून टाकता येईल असे नाव न ठेवल्यामुळे शास्त्राने ते तसेच चालू ठेवले आहे. आपल्याकडे काळ्या मुलाचे नाव गोरोबा ठेवल्यास ते कोणी बदलत नाही, त्यातलाच प्रकार.

तरीही डार्लिंगविषयी आम्हांस आदरच वाटतो. क्षयाच्या गाठी दिसत असता क्षयाचा जंतू नाही, एवढ्यावरून तो थांबला नाही व मनाजोगते उत्तर येईपर्यंत पाहत राहिला. ही बुरशी असावी, हा तर्क हँबुर्गच्या रोशा लिमा याने १९१२ साली केला; पण जिवंत माणसात या रोगाचे निदान व्हावयास १९३४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील टेनेसी प्रांतात नॅशव्हिल येथे कॅथरिन डॉड व एड्ना टॉम्पकिन्स या दोघी डॉक्टरांनी एका तान्ह्या मुलाच्या रक्तात हे गोळे ओळखले; तेथल्याच डीमॉनब्रून याने ते नळीत वाढवून ही बुरशी दोन वेष घेते हे सिद्ध केले. पहिल्या ओळखीपासून यास अठ्ठावीस वर्षे लागली.

त्याहून अधिक नवलाची गोष्ट पुढची आहे. अमेरिकेच्या त्या भागात छातीच्या चित्रात भरून आलेले ठिपके असलेली माणसे पुष्कळ निघत. त्यांस सरसहा जुने क्षयरोगी समजत. मात्र त्यांतील कित्येकांना क्षयाची त्वचापरीक्षा लागूच पडेना. १९४५ साली नॅशव्हिलचे क्रिस्टी व पीटरसन यांनी, आणि त्याच वर्षी परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींची तपासणी करून कॅरल पामर यांनी, हे ठिपके क्षयाचे नसून या बुरशीचे असल्याचे दाखविले. म्हणजे ज्यांना समाज वर्षानुवर्षे क्षयाचे धनी समजत आला होता ती माणसे क्षयाच्या वाटेलाही गेलेली नव्हती. आमच्याकडे परत आलेल्या त्या पत्रिकांची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहिली नाही. चार वर्षांनी, १९४९ साली, एमन्स याने ही बुरशी प्रत्यक्ष मातीतून काढून दाखविली, आणि तोतयाचे गाव कोणते ते कळले.

तोतया हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचे नाव घेऊन उभा राहिलेला इसम पुष्कळांना खरा वाटला, याचे कारण भाऊसाहेब परत यावेत असे त्यांच्या मनातच होते. डॉक्टरांच्या मनात क्षय असतो, म्हणून हा क्षय वाटतो. ताप तसाच, खंगणे तसेच, छातीवरचे डाग तसेच. सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी पेशींची गाठही जवळजवळ तशीच, आणि मध्ये तसाच कुजका गाभा. नेहमीच्या रंगात हे बारीक गोळे नजरेतून सहज निसटतात. चांदीचे क्षार वापरणारी एक खास रंगक्रिया आहे. तिने बुरशीच्या भिंती काळ्याभोर होतात व हिरव्या पटावर मोहरीच्या दाण्यांसारखे गोळे उमटतात. ती रंगक्रिया महाग नाही. ती कर असे कोणीतरी सांगावे लागते, एवढेच.

अण्णांच्या ग्रंथीचा तुकडा सुईने काढला गेला, त्यावर ती रंगक्रिया झाली, आणि तिसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरांनी आम्हांस आत बोलावून यंत्राच्या भिंगातून ते काळे दाणे दाखविले. अण्णांनाही चाकांच्या खुर्चीत बसवून नेले होते. ते बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, "आमचे आसनसोलचे भाडेकरू. तीस वर्षांत भाडे नाही, आणि घर मात्र खाऊन टाकले."

तुकड्याचा दुसरा भाग नळीत पेरला होता. ही बुरशी अतिशय सावकाश वाढते. चार-चार, सहा-सहा आठवडे वाट पाहावी लागते, आणि वाढलेली बुरशी हाताळणाऱ्याच्याच श्वासात जाण्याचे भय असल्याने तीस विशेष बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. रक्तातील प्रतिद्रव्ये तपासण्याची रीत आहे. परंतु दुखण्याच्या आरंभीच्या आठवड्यांत व शक्ती खालावलेल्या रोग्यांत ती फसवू शकते. सर्वांत सोयीची रीत १९८६ साली व्हीट, कोहलर व तिवारी या तिघांनी अमेरिकेत प्रसिद्ध केली. बुरशीच्या अंगचे द्रव्य रोग्याच्या लघवीत उतरते, ते तेथेच ओळखावयाचे. रोग सर्वांगात पसरलेला असेल तेव्हा ही परीक्षा फार उपयोगी पडते. मात्र इतर काही बुरश्यांशी तिची गल्लत होते, हेही लक्षात ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अत्यावश्यक चाचण्यांच्या यादीत तिचा समावेश केला, आणि २०२२ साली बुरशीजन्य रोगांची जी पहिली अग्रक्रमयादी काढली तीत या बुरशीस वरच्या गटात बसविले. आमच्याकडे ही चाचणी मोठ्या शहरांतील मोजक्या जागी मिळते. तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. क्षयाची औषधे मात्र तेथे फुकट मिळतात. तराजूचे पारडे कोणीकडे झुकणार हे सांगावयास नको.

हा रोग आपल्या देशात नवा आला असेही नाही. कलकत्त्याच्या पांजा व सेन यांनी पहिला रोगी १९५४ साली नोंदविला. संन्याल व थम्मय्या यांनी १९७५ साली गंगेच्या मैदानातील मातीतून ही बुरशी वेगळी काढली. त्या तरुण डॉक्टरांनी बंगालविषयी विचारले ते यामुळेच. आपला प्रांतही या हकीकतीपासून अलिप्त नाही. अटलांटा येथील सरकारी रोगनियंत्रण संस्थेत बुरश्यांचा अभ्यास करणारे अरविंद पाध्ये यांनी १९९४ साली नागपूरकडील सहकाऱ्यांसह तोंडातील हिस्टोप्लाज्मोसिसच्या एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली व तीत १९६८ पासून १९९२ पर्यंतच्या भारतीय रोग्यांचा आढावा घेतला. तोंडातील असे व्रण पुष्कळदा कर्करोगाचे समजले जातात. अण्णांच्या जिभेवरचा व्रण तंबाखूचा म्हणून काकूंनी वर्षभर बोलून घेतले होते. अण्णांनी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही.

औषधाचा प्रश्न आला तेव्हा कळले की, आता क्षयाची औषधे तत्काळ थांबविणे भाग आहे. बुरशीवर दीर्घकाळ द्यावयाचे इट्राकोनॅझोल हे औषधदेखील रिफॅम्पिसिन रक्तात टिकू देत नाही. 'दोन्ही रोगांची औषधे एकदम द्या, जो असेल तो मरेल' हा जो सल्ला आमच्या एका स्नेह्यांनी फोनवरून दिला होता, तो पाळला असता तर तोतया मजेत राहता आणि अण्णा जाते. प्रथम दोन आठवडे ॲम्फोटेरिसिन शिरेतून दिले. २०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' म्हणून म्युकरमायकोसिसची साथ महाराष्ट्रभर पसरली तेव्हा ज्याच्या कुप्यांसाठी लोक गावोगाव फिरत होते, तेच हे औषध. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या काठच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून ते गेल्या शतकाच्या मध्यास तयार झाले. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास अशाच एका मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढले व त्या जंतूस पिंपरीचेच नाव दिले, ही गोष्ट आम्हांस या निमित्ताने कळली. एवढ्या जवळ घडलेले शास्त्र आपल्याला रुग्णालयाच्या बाकड्यावर बसल्यावाचून कळू नये, हे काही ठीक नाही.

घरी आल्यावर दोन लढाया लढाव्या लागल्या. पहिली भांड्यांची. क्षय ठरला त्या दिवसापासून अण्णांचे ताट, वाटी, तांब्या निराळे झाले होते, आणि नातवंडांना त्यांच्या खोलीत मज्जाव होता. वस्तुतः क्षयदेखील ताटवाटीने पसरत नाही, खोकल्याच्या हवेने पसरतो. परंतु हा रोग तर एका माणसापासून दुसऱ्याला होतच नाही. तो होतो मातीपासून. ही गोष्ट त्या डॉक्टरांनी काकूंना फोनवरून सांगितली, तरी काकूंचा विश्वास बसेना. अखेर अण्णांनीच एके दिवशी धाकट्या नातीला जवळ बसवून आपल्या ताटातला वरणभात भरविला, आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते निराळे ताट इतर ताटांत मिसळलेले दिसले.

दुसरी लढाई कबुतरांची. बाळकुमच्या मनोऱ्यांच्या गॅलऱ्यांतून कबुतरांचा जो सुळसुळाट आहे तो येथे राहणारांस सांगावयास नको. विष्ठेपासून रोग हे शब्द ऐकताच आमच्या इमारतीच्या सभेत अण्णांच्या दुखण्याचा ठपका कबुतरांवर आला, आणि कबुतरांना सकाळी ज्वारी टाकणाऱ्या तळमजल्यावरील एका वृद्ध गृहस्थांवर. दादरचा कबुतरखाना २०२५ च्या पावसाळ्यात ताडपत्रीने झाकला गेला व प्रकरण उच्च न्यायालयात गाजले, त्यामुळे वातावरण तापलेलेच होते. कबुतरे निरुपद्रवी आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांच्या पिसांच्या व विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना जो कायमचा दाह जडतो तो मोठा दुर्धर असतो, आणि त्यांच्या वाळल्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकोकस नावाची निराळीच बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. जाळ्या लावाव्यात, गॅलरी ओल्या फडक्याने पुसावी, कोरडा झाडू मारून धूळ उडवू नये, हे सर्व योग्यच आहे. परंतु हिस्टोप्लाज्माला मुरलेली माती हवी असते. खिडकीच्या कठड्यावरची ताजी घाण तिला फारशी मानवत नाही. तिची खरी घरे म्हणजे गुहा, पडक्या इमारती, जुनी खुराडी आणि वर्षानुवर्षे पक्ष्यांचे थवे बसत आलेल्या झाडांखालची जमीन. गंमत अशी की, पक्ष्यांच्या अंगची ऊब या बुरशीला सोसत नाही, त्यामुळे पक्ष्यांना हा रोग होत नाही, वटवाघळांना होतो. अण्णा सभेत काठी टेकीत उठून म्हणाले की, "माझ्या दुखण्याची बदली पूर्व रेल्वेकडून झालेली आहे, तळमजल्यावरून नव्हे." ज्वारी टाकणे त्या गृहस्थांनी पुढे आपणहून बंद केले, पण गुन्हेगार ठरून नव्हे, याचे आम्हांस समाधान आहे.

इट्राकोनॅझोलच्या कुप्या अण्णांनी वर्षाहून अधिक काळ घेतल्या. त्या रिकाम्या पोटी घेतल्यास वाया जातात. भरल्या पोटी घ्याव्या लागतात व जठरात आम्ल असावे लागते. जेवणानंतर सोडा पिण्याची वा पित्तशामक गोळी चघळण्याची अण्णांची चाळीस वर्षांची सवय त्यापायी मोडावी लागली. आम्हांस विचाराल तर रोगापेक्षा हे काम अवघड गेले. मधून मधून रक्तातील औषधाचे प्रमाणही तपासून घेत. वजन भरून आले, ताप गेला, हिरड्यांचा काळेपणा बराच निवळला. ग्रंथी मात्र पुन्हा काम करू लागल्या नाहीत. त्या बहुधा लागतही नाहीत. त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा, जन्मभर. ताप आला तर मात्रा दुप्पट करावयाची. वांती होऊन गोळी टिकली नाही तर वेळ न दवडता इंजेक्शन घ्यावयाचे. हे सारे एका कार्डावर लिहून ते सदैव जवळ बाळगावयाचे असते. अण्णांनी ते मराठी, इंग्रजी व हिंदी अशा तीन भाषांत स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवले आहे. गेल्या महिन्यात ते नागपूरला लग्नास निघाले तेव्हा कार्डावर खाली चौथी ओळ बंगालीत लिहिलेली दिसली. "नागपूरला बंगाली कोण वाचणार?" असे आम्ही विचारले. "वाचणारा कुठे भेटेल ते काय सांगता येते?" एवढे बोलून ते गोळ्यांची डबी मोजू लागले.